बेळगावातल्या सोसायटीचा ग्रुप: किल्ल्यातली साखरबाव आणि दिवाळीची तयारी

सोमवार

सेक्रेटरी काका (ए २०१): सर्वांना नमस्कार. दसऱ्याची सुट्टी संपली, गावाला गेलेली मंडळी परत आली. दिवाळीची वर्गणी गेल्या वर्षीइतकीच राहील. लायटिंगच्या माळा जुन्याच चालतील, आकाशकंदिलाचं सामान गणपत गल्लीतून आणायचं आहे. बरोबर कोण येतंय ते सांगा. राकसकोप धरणाचं पाणी आज आलेलं नाही. उद्या-परवा येईल असं व्हॉल्व सोडणारा सांगून गेला. तोवर जपून वापरा.

ए १०३ काकू: मी येते काका. मला रविवार पेठेतून भाजणीचं सामानही घ्यायचंय.

बी ३०४ वहिनी: काका, आमच्या धाकट्याला कालपासून ताप आहे. १०३ च्या खाली येत नाही. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणतो, पाय लई दुखतात म्हणतो. आजोळी विहिरीत पोहला, त्यानं असेल असं सासूबाई म्हणतात. अंगदुखीची गोळी देऊ का?

सी २०२ सिस्टर वहिनी: देऊ नका. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन, काही नको. डेंगी असला तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. आजच रक्त तपासा. डेंगीच्या दोन तपासण्या असतात. ताप येऊन पाच दिवस झाले नसतील तर एनएस१ करायची, नंतर आयजीएम.

बी ३०४ वहिनी: टेस्टला लई पैसे घेतात म्हणे.

सी २०२ सिस्टर वहिनी: कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये दर ठरवून दिले होते. खासगी लॅबमध्ये एनएस१ ला ३००, आयजीएम ला ३००, कार्डवरची रॅपिड टेस्ट २५०. जास्त मागितले तर हा दर सांगा. सरकारी दवाखान्यात तर तेवढेही लागत नाहीत.

बी १०१ काका: आमच्या सौ.लाही दोन दिवस कणकण आहे. हवा बदलली म्हणून असेल समजत होतो.

सी १०२ अक्का: आमच्या मालकांना पण होतं री मागच्या आठवड्यात. आता बरे आहेत. टायफॉईड म्हणून औषध दिलं होतं, रक्त तपासलंच नाही.

सी २०२ सिस्टर वहिनी: एकाच आवारात तीन घरं. याला हवा म्हणून सोडून देऊ नका.

मंगळवार

बी ३०४ वहिनी: एनएस१ पॉझिटिव्ह आला. डॉक्टर म्हणाले आज घरीच ठेवा, पाणी भरपूर द्या, उद्या परत रक्त तपासू.

ए १०३ काकू: अगं बाई. जेवणाचं बघू नकोस तू. दुपारी मऊ भात आणि मुगाचं वरण मी पाठवते.

सी १०२ अक्का: रात्री मी नाचणीची आंबील देते. पातळ करते, ताक घालून.

बी २०३ दादा: पपईच्या पानाचा रस द्या वहिनी. आमच्या शहापूरच्या भावाला दिला होता, प्लेटलेट भराभर वाढल्या.

सी २०२ सिस्टर वहिनी: दादा, प्लेटलेट सातव्या-आठव्या दिवसानंतर आपसूकच वाढायला लागतात. रस कडू जहर असतो, पोरानं ओकला तर पोटातलं पाणी पण जाईल. पाणी कमी पडणं हा यातला मोठा धोका. शहाळं, पेज, ताक, मीठ-साखरेचं पाणी, जे पोटात राहील ते द्या. लघवी किती वेळा होते ते लिहून ठेवा वहिनी, डॉक्टर विचारतील.
आणि एक नीट वाचा सगळ्यांनी. ताप उतरला की बरं झालं असं समजून माणसं कामाला लागतात, पोरं खेळायला जातात. यात उलट आहे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि तेच दोन दिवस जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, पोर मलूल होऊन पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो पहाट असो, सरळ दवाखान्यात.

बी १०१ काका: सौ.ची पण टेस्ट आजच करतो.

सेक्रेटरी काका (ए २०१): महापालिकेला फोन केला. धुराची गाडी पाठवतो म्हणाले.

सी २०२ सिस्टर वहिनी: धूर येऊ दे काका, पण धुरानं फक्त उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्याभरात नवे डास तयार. हा डास गटारात वाढत नाही, स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. आपल्याच आवारात कुठंतरी पाणी आहे. शोधायला पाहिजे.

ए ३०१ (बारावीतला): मी आणि चौथीतली दोघं शोधतो सिस्टर मावशी. क्लासवरून आलो की लगेच.

मंगळवार, संध्याकाळ

ए ३०१ (बारावीतला): फोटो टाकलेत. गच्चीवर नवरात्राच्या मांडवाची ताडपत्री घडी न घालता टाकलेली आहे, तिच्या खोलगट भागात पावसाचं पाणी आहे. पार्किंगच्या मागं घटाची मडकी आणि नारळाच्या करवंट्या पडल्यात, त्यात पण. खालच्या संपचं, म्हणजे जमिनीतल्या टाकीचं, झाकण अर्धं सरकलेलं आहे. आणि सगळ्यात जास्त अळ्या आमच्या किल्ल्यात सापडल्या.

ए १०३ काकू: किल्ल्यात?

ए ३०१ (बारावीतला): यंदा सिंधुदुर्ग करतोय ना आम्ही. शाळेच्या सुट्टीतच सुरुवात केली होती. चारी बाजूला समुद्र पाहिजे म्हणून प्लॅस्टिकचा कागद घालून पाणी सोडलं होतं. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी दाखवल्यात, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. त्यासाठी तीन वाट्या पुरल्यात. समुद्रात थोड्या आहेत. साखरबावेत वळवळ दिसते नुसती.

बी १०२ साहेब: मग किल्ला आजच पाडून टाका. मी वर्गणी मागितली तेव्हाच म्हणालो होतो, एवढा चिखल आवारात कशाला. पोराच्या जिवावर बेतलंय आणि आपण किल्ले कसले करतो? यंदा लायटिंगही नको, फराळाचा कार्यक्रमही नको. आजारपण असताना साजरं काय करायचं.

सी ३०३ आजोबा: साहेब, तुमची काळजी मला समजते. पण किल्ला पाडू नये असं मला वाटतं. माती-दगडानं कुणाला ताप आलेला नाही, पाण्यानं आलाय. पाणी काढा. बेळगावात गल्लोगल्ली पोरं किल्ले करतात, आपल्याकडं ही दिवाळीची पहिली तयारी. आजारी असलेला पोरगा त्याच किल्ल्यावर बुरूज रचत होता. तो घरी येईल तेव्हा तिथं मोकळी जागा बघेल, ते मला बघवणार नाही.

सी १०२ अक्का: बरोबर आहे री आजोबा.

बी १०२ साहेब: आजोबा, तुमचा मान ठेवतो. पण पाणी परत सोडणार नाहीत याची हमी कोण देणार?

ए ३०१ (बारावीतला): मी देतो काका. समुद्र भुशाचा करतो. लाकडाच्या वखारीतून भुसा आणून निळा रंगवायचा, लाटा पांढऱ्या रांगोळीनं. विहिरी पण कोरड्या, तळाला निळा कागद. मालवणचा फोटो बघून करतो, नीट दिसेल.

सी २०२ सिस्टर वहिनी: शाबास. वाट्या नुसत्या उपड्या करू नका, आतनं घासून काढा. या डासाची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. परत पाणी लागलं की फुटतात. हेच बॅरलचं, टाकीचं, हंड्यांचं.

बुधवार

सेक्रेटरी काका (ए २०१): ताडपत्री वाळवून ठेवली. मडकी-करवंट्या घंटागाडीत दिल्या. संपच्या झाकणाला आज वेल्डिंगवाला येतोय. आता घरातलं. दर रविवारी कोरडा दिवस ठेवायचा, सगळ्यांनी सगळी भांडी रिकामी करायची, असा ठराव मांडतो.

बी २०३ दादा: काका, कसं जमणार? पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. शनिवारी आलं तर रविवारी भरलेलं बॅरल ओतून देऊ? घरात म्हातारी माणसं आहेत. टँकरचे पैसे कोण देणार?

ए १०३ काकू: खरं आहे. माझ्याकडं दोन बॅरल, चार घागरी, न्हाणीतला हौद. सगळं ओतलं तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाक कशानं करू?

सी २०२ सिस्टर वहिनी: दोघांचंही पटतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, ऊन कडक असलं तर त्याहून कमी. म्हणून रविवार धरण्यापेक्षा पाण्याचा दिवस धरूया. पाणी येणार असं व्हॉल्वमननं सांगितलं की आदल्या रात्री तळाचं उरलेलं पाणी संडासाला, झाडांना वापरायचं, बॅरल आतनं काथ्यानं घासायचं, मग नवीन भरायचं. भरलं की लगेच जुन्या धोतराचं किंवा सुती लुगड्याचं दुहेरी फडकं वर ताणून दोरीनं आवळायचं. नुसतं ताट झाकून चालत नाही, फटीतनं डास जातो. पाणी फार लांबलं तर सहाव्या दिवशी दुसऱ्या बॅरलमध्ये फडक्यातनं गाळून घ्या. हौद रिकामा होतच नसेल तर आशाताईंकडं अळीनाशक असतं, त्यांच्या हातूनच टाकून घ्या, किंवा गप्पी मासे सोडा.

बी २०३ दादा: हे जमण्यासारखं आहे. मी माझ्या जिन्यातल्या सगळ्यांना आठवण करतो.

ए १०३ काकू: मी ए च्या. लुगडी पाहिजेत त्यांनी माझ्याकडनं न्या, आईची जुनी बरीच आहेत.

बी १०२ साहेब: दंडाचाही नियम आहे हे सांगून ठेवतो. २०२४ पासून आपल्या कर्नाटकात डेंगी साथीचा रोग म्हणून जाहीर आहे. घरात अळ्या सापडल्या तर शहरात ४०० रुपये. पण पैशापेक्षा शेजाऱ्याचं पोर महत्त्वाचं. माझा फ्रिज मागनं बघितला, खालच्या ट्रेमध्ये अळ्या होत्या. आजवर तो ट्रे मी कधी ओढून बघितला नव्हता. सगळ्यांनी बघा.

सी २०२ सिस्टर वहिनी: फार चांगलं केलंत साहेब. कुंड्यांखालच्या ताटल्या पण बघा.

सेक्रेटरी काका (ए २०१): आणखी एक अडचण. सी ३०१ आणि ए ३०२ दसऱ्यापासून बंद आहेत, मंडळी पुण्याला. आत काय साचलंय कोण जाणे.

सी ३०१ (पुण्याहून): नमस्कार. चावी आजोबांकडं आहे. जाऊन बघा, परवानगी आहे. कमोडचं झाकण उघडंच राहिलं असेल, बाल्कनीत बादली पण आहे. आम्ही धनत्रयोदशीला येतोय.

गुरुवार, पहाट

बी ३०४ वहिनी: पोराला ॲडमिट केलंय. रात्री पोटात दुखायला लागलं, तीन उलट्या झाल्या. ताप उतरला होता, मला वाटलं बरा झाला. सिस्टर वहिनींचा मेसेज आठवला म्हणून निघालो. सलाइन चालू आहे. प्लेटलेट ४२ हजार.

बी १०१ काका: प्लेटलेट पाहिजेत का? माझा बी पॉझिटिव्ह आहे. आत्ता निघतो.

बी २०३ दादा: माझा ओ पॉझिटिव्ह. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकू का? दहा मिनिटांत वीस पोरं येतील.

सी २०२ सिस्टर वहिनी: थांबा दादा, अजून टाकू नका. रक्तस्राव नसेल तर ४२ हजारावर प्लेटलेट चढवत नाहीत. साधारण दहा हजारांच्या खाली गेल्या किंवा रक्त जायला लागलं तर डॉक्टर मागतील. आता सलाइनच औषध. तुम्ही दोघं फोन चालू ठेवा, पोटभर खाऊन तयार राहा. मी ड्यूटी संपवून दवाखान्यात जाते. वहिनी, तुम्ही रात्रीच निघालात हे फार बरं केलंत.

ए १०३ काकू: मोठीला शाळेत मी सोडते. डबा पण देते. तू तिथनं हलू नकोस.

शनिवार

बी ३०४ वहिनी: प्लेटलेट ७१ हजार. आज इडली खाल्ली. पहिला प्रश्न किल्ल्याचा विचारला. उलट्या नाहीत, भूक लागतेय. डॉक्टर उद्या सोडतो म्हणाले.

ए ३०१ (बारावीतला): त्याला सांगा मुख्य दरवाजा अजून केलेला नाही. गोमुखी पद्धतीचा, म्हणजे बुरुजांच्या आड लपलेला, करायचा आहे, तो त्यानंच ठरवलेला. समुद्र झालाय. अहळीव पण उगवलेत तटाखाली, फवाऱ्यानं पाणी मारतो, साचू देत नाही.

बी १०२ साहेब: दरवाज्याला पुठ्ठा पाहिजे असेल तर माझ्याकडं टीव्हीचा मोठा बॉक्स आहे.

सेक्रेटरी काका (ए २०१): देवाची कृपा. फराळाचा कार्यक्रम करायचा का यावर साहेब काय म्हणतात?

बी १०२ साहेब: करूया. फटाक्यांना सोसायटीचे पैसे नको एवढंच. आजारातून उठलेल्या माणसांना धूर नको. ते पैसे संपच्या झाकणाला आणि बी १०१, बी ३०४ च्या डब्यांना लावा.

सी ३०३ आजोबा: मंजूर.

ए १०३ काकू: मग फराळ वाटून घेऊ. बी ३०४ आणि बी १०१ ला यंदा काही करायला लावायचं नाही. चकली माझ्याकडं. करंज्या अक्का.

सी १०२ अक्का: करंज्या करते, करदंट पण करते, डिंक-सुक्यामेव्याची गुळातली वडी. गोकाकहून डिंक आणलाय, आजारी माणसाला चांगलं.

सी २०२ सिस्टर वहिनी: माझ्याकडं चिवडा. पोराला तळलेलं लगेच नको, त्याच्यासाठी रव्याचा लाडू वेगळा करते.

बी १०१ काका: सौ.ची टेस्ट निगेटिव्ह आली, साधा ताप होता. ती म्हणते शंकरपाळ्या मीच करणार.

ए १०३ काकू: करू दे, पण बसून. लाटायला मी येते.

सेक्रेटरी काका (ए २०१): एक नोव्हेंबरला सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन आहे, निषेध फेरीमुळं रस्ते बंद असतील. फुलं, दूध, औषधं आदल्या दिवशी आणून ठेवा. पाडव्याला पोरांना गवळी गल्लीत सजवलेल्या म्हशी बघायला नेणारे बी २०३.

बी २०३ दादा: होय. बारकी पोरं पूर्ण बाह्यांचे कपडे घालून येऊ देत.

सेक्रेटरी काका (ए २०१): आणि पाणी उद्या पहाटे पाचला येतंय. आज रात्री बॅरल घासून घ्या सगळ्यांनी. उद्या दवाखान्यातून आणायला गाडी कुणाची मोकळी आहे?

बी १०२ साहेब: माझी. वहिनी, डिस्चार्जचे कागद तयार झाले की फोन करा, मी खाली गेटवर थांबतो.

बी ३०४ वहिनी: अकरापर्यंत होतील म्हणतात साहेब. मोठीला पण घेऊन या.