डिस्पोजलच्या डॉजला फ्रिजचा तांब्याचा पाइप लावू नका

घाटमाथा: परवा एकाने आपल्या डॉज वेपन कॅरिअरचे, म्हणजे लष्कराने डिस्पोजलमध्ये काढलेल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या पाऊण टनी फोर बाय फोरचे, फोटो टाकले होते. गाडी सुरेख आहे, त्यात वाद नाही. पण खाली लिहिलंय की सगळ्या ब्रेक लाइन काढून फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप टाकला, जिथे लांबी कमी पडली तिथे पितळी फेरूल जॉइंट (नटाखाली रिंग दाबून पाइप जोडायचा तो) मारला, एका दिवसात काम झालं, तुम्हीही करा. ते 'तुम्हीही करा' वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

गाडी रिकामी अडीच टनाच्या आसपास, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की सगळीकडे ऑइल ढकलणारा पंप, सिंगल सर्किट. म्हणजे कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. जोरात पाय मारला की लाइनमध्ये हजार पीएसआयच्या वर प्रेशर जातं. फ्रिजचा पाइप त्यासाठी बनलेलाच नाही. मऊ तांबं थरथरून थरथरून कडक होतं आणि फ्लेअरच्या, म्हणजे पाइपच्या पसरवलेल्या तोंडाच्या, बरोबर मागे त्याला केसाएवढी चीर पडते, बाहेरून नट घट्ट दिसतो, आत काम झालेलं असतं. शिवाय एसीवाल्याचं टूल सिंगल फ्लेअर मारतं. या अमेरिकन गाड्यांना ४५ अंशाचा डबल फ्लेअर, म्हणजे दुहेरी दुमडलेलं तोंड, लागतो. आणि फेरूल जॉइंट ब्रेक लाइनमध्ये कुठेच नको, पाण्याच्या नळाला ठीक आहे.

बंडी पाइप (ब्रेकसाठीचा पोलादी पाइप) वापरा नाहीतर कुप्रोनिकेल, डबल फ्लेअर मारा, चॅसिसला जागोजागी क्लिप मारा. आणि घाटात जाणार असाल तर टँडम मास्टर सिलिंडर बसवा, त्यात दोन वेगळी सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं चालतं.

जुना_डॉज: फोटो माझेच आहेत. इंग्लंडमध्ये लोक वर्षानुवर्षं तांब्याचे ब्रेक पाइप वापरतायत, ते सगळे मेले का? आणि माझी गाडी महिन्यातून एकदा निघते, रोज खंबाटकी उतरत नाही मी. बंडी पाइप गंजतो, कोकणात दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात हे पण लिहा की.

घाटमाथा: गंजतो, मान्य. म्हणून तर कुप्रोनिकेल म्हटलं, ९० टक्के तांबं १० टक्के निकेल, गंजत नाही आणि हाताने वाकतो, व्होल्वोवाले १९७० च्या दशकापासून वापरतायत. इंग्लंडमधला तांब्याचा पाइप ब्रेकसाठीच म्हणून विकला जातो, जाडी ठरलेली असते. तुमच्या फ्रिजवाल्याने जाडी सांगितली का? आणि महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीचेच ब्रेक जास्त जातात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि चाकातले व्हील सिलिंडर उभ्या जागी जाम होतात.

कुर्ला_फार्गो: वडील प्रीमियर कंपनीच्या फार्गो ट्रकांवर काम करायचे, त्यामुळे हे सगळं घरात ऐकलेलं. पाइपवरून भांडताय पण चाकाकडे जाणारा रबरी होज कुणी बघितला का? आमच्याकडे एक गाडी आली होती, ब्रेक सोडला तरी पुढचं डावं चाक धरून ठेवायचं. मालकाने ड्रम, लायनर, सिलिंडर सगळं बदलून झालेलं. वडिलांनी फक्त चाकाजवळचा, हवा काढायचा ब्लीडरचा निपल सैल केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं. होज आतून फुगलेला, ऑइल जायचं पण परत यायचं नाही. बाहेरून होज नवा दिसत होता.

छावणी_नाशिक: पाइप राहू दे, गाडी ऑलिव्ह ग्रीन आहे हे कुणाला दिसलं नाही का? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२१ आहे, संरक्षण खात्याशिवाय कुणालाही तो रंग नाही. मी स्वतः फौजेत गाड्या चालवल्यात, रोज सकाळी फर्स्ट परेडला, म्हणजे गाडी काढायच्या आधीच्या तपासणीला, गाडीखाली झोपून पाइप बघितलेत. सिव्हिल लोक रंग मारून मिरवतात तेव्हा राग येतो.

जुना_डॉज: १९४३ ची गाडी आहे हो, कारखान्यातून त्याच रंगात आली. आणि अमेरिकेचा तो ऑलिव्ह ड्रॅब तपकिरीकडे झुकतो, आपल्या लष्कराचा हिरवा वेगळा.

छावणी_नाशिक: हे देवळालीच्या नाक्यावर सांगून बघा.

सह्याद्री_फोरबायफोर: सांगून बघितलंय! माझ्या जीपला एका आरटीओ कार्यालयात रंगावरून परत पाठवलं, दुसऱ्या वेळी दुसरा साहेब म्हणाला हा चालेल, लेखी कुणीच देत नाही. शेवटी वाळूसारखा रंग मारला, जीव तुटला अक्षरशः. २०२१ च्या जुलैत व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले, पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली गाडी हवी म्हणतात, मग मूळ रंगाला मनाई कशी?

छावणी_नाशिक: रंग सुरक्षेचा प्रश्न आहे. कुणीही हिरवी गाडी घेऊन कँटोन्मेंटच्या गेटवर आला तर पहाऱ्यावरच्या संतरीने काय समजायचं? तुमचा शौक आमच्या पोरांच्या डोक्यावर नको.

सह्याद्री_फोरबायफोर: ऐंशी वर्षांच्या डॉजमधून कोण हल्ला करणार आहे? उगाच आवाज चढवू नका.

छावणी_नाशिक: आवाज तुम्ही चढवलाय.

कुर्ला_फार्गो: रंगाने गाडी थांबत नाही, ब्रेकने थांबते. मूळ रूपाची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो, टँडम मला पटत नाही. गाडी व्हिंटेजमध्ये घालायची तर सिंगलच ठेवा, सिलिंडरच्या रबरांचे नवे किट टाका, दरवर्षी ऑइल बदला.

घाटमाथा: नियमात चॅसिस, बॉडी आणि इंजिनमधल्या बदलांचं नाव आहे, ब्रेकचं नाही. आणि अमेरिकेनेच १९६० च्या दशकाच्या शेवटी सिंगल सर्किट बंद केलं, ते उगाच नाही. डॉजचा हँडब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो, तो उभ्या गाडीसाठी. उतारावर पेडल जमिनीला टेकल्यावर त्याच्या भरवशावर राहणार का?

कुर्ला_फार्गो: गिअर कशाला दिलेत मग? चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरवर उतरायचं. पण ठीक आहे, मुलाबाळांना मागे बसवून घाटात जाणाऱ्याने बसवावा टँडम. मी माझ्या गाडीला बसवणार नाही.

जुना_डॉज: फेरूल जॉइंट काढतो, त्यावर तुमचं बरोबर आहे, एका जॉइंटला काल ओल दिसली. पाइपचं मात्र मला अजून पटलेलं नाही, तरी कुप्रोनिकेल मागवतो, नाहीतर तुम्ही लोक सोडणार नाही. मागचा लांब पाइप आधी बदलतो, पुढचं दिवाळीनंतर.

घाटमाथा: उलटं करा. उतारावर ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं. पुढचे दोन पाइप आणि तिन्ही होज आधी, आणि तोवर गाडी गल्लीच्या बाहेर काढू नका.

छावणी_नाशिक: आणि रंग?