जुन्या टॅबवर बाहेरून एपीके (ॲप बसवायची फाइल) टाकावी का?

सांगलीकर :
घरात अँड्रॉइड ४.४ चा टॅब आहे. पडदा, स्पीकर, बॅटरी सगळं ठणठणीत. पण प्ले स्टोअरमध्ये बहुतेक ॲप 'या डिव्हाइसशी सुसंगत नाही' म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने किटकॅटसाठी, म्हणजे याच ४.४ साठी, प्ले सर्व्हिसेसचे (अनेक ॲप ज्यावर चालतात त्या गूगलच्या पायाभूत ॲपचे) अपडेट थांबवले, तेव्हापासून हाल आणखी वाढले. माझं मत : ॲपची जुनी आवृत्ती शोधायची आणि एपीके बसवायची. चालतं यंत्र भंगारात का घालायचं?

रानवारा :
पूर्ण विरोध. २०१५ चं स्टेजफ्राइट आठवा, अँड्रॉइडमधली सुरक्षेची मोठी त्रुटी. नुसत्या एमएमएसने फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता आणि अँड्रॉइड २.२ ते ५.१.१ त्यात सापडले होते. अशा यंत्रावर 'अज्ञात स्रोत' (प्ले स्टोअरबाहेरची ॲप बसवू देणारं सेटिंग) चालू करून कुठल्याही साइटवरची फाइल बसवायची? आणि जुनी आवृत्ती बसली तरी सर्व्हर तिला दारात उभं करेलच असं नाही. व्हॉट्सॲपच्या जुन्या आवृत्तीची मुदत संपली की ते अपडेट मागतं, पुढे जाऊच देत नाही.

डोंगरवाट :
मी सांगलीकरांच्या बाजूने. एपीके म्हणजे चोरीचा माल, असं बरेच जण समजतात, ते चूक आहे. एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारावर मुक्त स्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) ॲपच्या जुन्या आवृत्त्याही मिळतात आणि कोणतीला किमान कोणतं अँड्रॉइड लागतं ते तिथेच लिहिलेलं असतं. ॲपलसुद्धा जुन्या आयफोनला 'शेवटची सुसंगत आवृत्ती' देतं, फक्त ते ॲप त्या खात्यावर आधी घेतलेलं हवं. साइट उघडत नसतील तर ब्राउझर बदलून बघा. ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडमध्ये लेट्स एन्क्रिप्टचं (साइटना सुरक्षा प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं) नवं मूळ प्रमाणपत्र, ज्यावरून साइटची खात्री पटते, ते नाही, म्हणून इशारे येतात. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं बरोबर आणतं.

रानवारा :
एफ-ड्रॉइडला माझी हरकत नाही. पण लोक थांबतात का तिथे? बँकेचं ॲप प्ले स्टोअरवर दिसलं नाही की शोधून मिळेल ती फाइल उचलतात. आधीच्या ॲपवर नवी बसवताना ॲप बनवणाऱ्याची डिजिटल सही जुळली नाही तर अँड्रॉइड अडवतं, पहिल्यांदा बसवताना मात्र ताडून पाहायला काहीच नसतं.

सांगलीकर :
बँक आणि यूपीआय त्या टॅबवर नाहीच, इथे वाद नाही. गाण्यांसाठी व्हीएलसी आणि पीडीएफ वाचायला एखादं ॲप, एवढं मी बसवणारच.

रानवारा :
मग आधी त्यातलं मुख्य गूगल खातं काढा. मेल, फोटो, संपर्क, सगळं त्याच खात्यात असतं.