पहाटे चारचा कोकीळ, गॅलरीतली कबुतरं... तुमचे अनुभव सांगा

काल रात्री लेक साडेतीनला झोपली आणि चारला मागच्या आंब्यावरचा कोकीळ सुरू. कुऊ, कुऊ, प्रत्येक हाक आधीपेक्षा वर, अगदी टोकाला जाऊन थांबतो, आपल्याला वाटतं संपलं, की परत खालून सुरू. तिला मांडीवर घेऊन बसले आणि सांगलीचं घर आठवलं. माझं बारावीचं वर्ष, मार्च महिना, मी पहाटे फिजिक्स घेऊन बसायचे आणि आजोबा अंगणात तोंड धूत त्या कोकिळाला शीळ घालून उत्तर द्यायचे. मग तो इरेला पेटायचा. आई आतून ओरडायची, अहो मामंजी, पोरीचा पेपर आहे! आजोबा दोन मिनिटं गप्प, की परत शीळ. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. काल राग यायचा तर रडूच आलं. तुमच्याकडे कोणते पक्षी छळतात? लिहा.

रानजाई
किती गोड आजोबा गं. एक सांगते, गाणारा तो नर, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपकेवाली, ती नुसती किक् किक् किक् करते. आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात, त्यामुळे आमच्याकडे कोकीळ आला की मागोमाग कावळ्यांची कावकाव, डबल त्रास.

सातवा_मजला_ठाणे
कोकीळ परवडला हो, निदान मोसमी आहे, कबुतरं बारा महिने. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे खराट्याच्या चार काड्या आणि एक वायरचा तुकडा, झालं घरटं, त्यात दोन अंडी. दिवसभर घूंऽ घूंऽ, वाळत घातलेले कपडे परत धुवा. सासऱ्यांचा खोकला जाईना तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरी कबुतरं आहेत का? विष्ठेच्या नि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला सूज येते म्हणे, आम्हाला पत्ताच नव्हता. तरी पिल्लं होती म्हणून महिनाभर थांबलो, ती उडाल्यावरच जाळी लावली. सासरेच म्हणाले थांबा. आता बरे आहेत.

मनू_आई
जाळी कुठली लावलीत, नायलॉनची का? आमची दोन वर्षांत उन्हाने कडक होऊन फाटली

सातवा_मजला_ठाणे
हो नायलॉनच, पण कडेने हुक जवळजवळ मारून घ्या, बोटभर फट ठेवली तरी शिरतात. आणि साफ करताना विष्ठा सुकी झाडू नका, आधी पाणी मारा, तोंडाला मास्क.

दादरकर
आमच्या इथला कबुतरखाना २०२५ मध्ये ताडपत्री घालून झाकला तेव्हा केवढा वाद झाला आठवतंय ना. माझी आईसुद्धा वर्षानुवर्षं तिथे दाणे टाकायची, पुण्य म्हणून. तिला दम्याचं समजावून सांगायला मला सहा महिने लागले. आता ती दाण्यांचे पैसे गोशाळेला देते.

निफाडची_सून
आमच्याकडे टिटवी. गच्चीवरच्या खडीत चार अंडी घातली, खडीत खडीसारखीच दिसतात, माझा पाय पडता पडता वाचला. कपडे वाळत घालायला गेलं की डोक्यावरून टिटीव टिटीव करत झेपावणार, रात्री दोन वाजता मांजर दिसलं तरी तेच. शेजारच्या काकू म्हणाल्या टिटवी ओरडली की कुणीतरी जातं, हाकला तिला. सासूबाई त्यांना म्हणाल्या, आई आहे ती, ओरडणारच. गच्चीचं वॉटरप्रूफिंग थांबवलं, परातीत पाणी ठेवलं. त्या वर्षी घरात कुणी गेलं नाही, उलट नणंदेचं लग्न ठरलं 😊

सिडनीची_वैदेही
इथेही कोकीळ आहे! सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेकडून येतो, पावसाळी वादळांचा पक्षी म्हणतात त्याला. शेजारी वैतागतात, मी पहाटे खिडकी उघडून ऐकते. नोव्हेंबरात कोकीळ ऐकून पहिल्या वर्षी मला आंब्याचा वास आल्यासारखं झालं होतं.

मनू_आई
आंब्यावरून आठवलं, मागच्या झाडाला कैऱ्या लागल्यात का गं? लोणच्याच्या की नुसत्या खायच्या?

धागाकर्ती
लोणच्याच्या, आंबट ढाण. रविवारी ये पिशवी घेऊन. निफाडकर, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. आज पहाटे तो ओरडला तेव्हा लेक जागीच होती, मी हळूच शीळ घातली. त्याने उत्तर दिलं. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.