शाळेचा टॅब, घरातला कॅमेरा: इंदूरच्या मराठी पालकांनो, अनुभव लिहा

इंदूरच्या बऱ्याच खासगी शाळांत आता टॅब किंवा लॅपटॉप शाळेकडून मिळतो. जिथे मिळत नाही तिथे घरच्या लॅपटॉपवर शाळेचं खातं उघडावं लागतं. सोबत एक संमतीपत्र येतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि ते दुसऱ्या दिवशी सही करून परत द्यायचं असतं. मूल काय शोधतं, किती वेळ बसतं, कुठली पानं उघडतं, हे शाळा पाहू शकते असं त्यात लिहिलेलं असतं. कोण पाहणार, रात्रीही पाहणार का, ती माहिती किती वर्षं ठेवणार, याबद्दल माझ्या मुलाच्या शाळेच्या कागदावर एक शब्द नव्हता.

देखरेख बंद करा असं माझं म्हणणं नाही. आठवीतल्या मुलाच्या हातात अख्खं इंटरनेट देऊन आपण स्वस्थ बसू शकत नाही, हे मलाही कळतं. पण ही देखरेख कुठे थांबते ते मला लेखी हवं आहे. पालकसभेत आम्ही काही जण पत्र देणार आहोत. त्याआधी तुमच्याकडे काय घडलं ते सांगा. शाळेचं, कंपनीचं, मुलांचं नाव लिहू नका. घड्याळ, बसचं ॲप, कोचिंगचा टॅब, काहीही चालेल.

माझ्यापासून सुरुवात करते. घरच्या लॅपटॉपवर मुलाने शाळेचं खातं उघडलं, तेव्हापासून ब्राउझरच्या मेनूत तळाशी ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशी ओळ दिसू लागली. लॅपटॉप आमचा, पैसे आमचे, मग संस्था कुठली?

राजेंद्र नगर, आठवीतल्या मुलाची आई

---

ताई, ती ओळ लॅपटॉपबद्दल नसते, खात्याबद्दल असते. मी सुपर कॉरिडॉरवर आयटीत आहे, हेच काम करतो. क्रोममध्ये शाळेच्या खात्याने साइन इन केलं की शाळेने ठरवलेले नियम आणि एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) त्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या त्या खात्याच्या कप्प्यात, आपोआप येतात, यंत्र कुणाचंही असो. अशी सक्तीची एक्स्टेंशन तुम्हाला काढता येत नाहीत. ती प्रोफाइल उघडी ठेवून तुम्ही बँकेचं काम केलंत किंवा वडिलांच्या आजाराबद्दल काही शोधलंत, तर त्याची नोंद शाळेच्या बाजूला जाऊ शकते.

उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. ब्राउझरमध्ये शाळेसाठी वेगळी प्रोफाइल करा. घरच्यांची प्रोफाइल निराळी, तिचा रंगही निराळा ठेवा म्हणजे चटकन कळेल. ‘तुमचा आधीचा डेटा या खात्यात जोडायचा का’ असं विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर घरचे बुकमार्क आणि पासवर्ड शाळेच्या खात्यात जाऊन बसतील. लॅपटॉप किंवा टॅब मुळातच शाळेचा असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे नियंत्रण खुद्द यंत्रावर असतं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या सुरक्षा विभागात ‘डिव्हाइस ॲडमिन’ असं शोधा, म्हणजे ताबा कुणाकडे आहे ते दिसेल. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माइक चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते. ती ओळखायला मुलांना शिकवा.

स्कीम ७८, पाचवीतल्या मुलीचे बाबा

---

मी शिक्षिका आहे, नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पालकांची बाजू तुम्ही मांडताच आहात, म्हणून पलीकडच्या बाजूने काय दिसतं ते लिहिते.

तास चालू असताना माझ्या लॅपटॉपवर सगळ्या मुलांचे पडदे छोट्या छोट्या चौकटींत दिसतात. कुणी खेळ उघडला तर मी तो तिथूनच बंद करू शकते. वर्गात याचा उपयोग होतो, हे मी मनापासून सांगते. मागच्या बाकावरचं मूल अडकलं आहे हे मला पडद्यावरून कळतं. ते हात वर करत नाही, पण एकाच प्रश्नावर थांबलेलं असतं.

त्रास सुरू होतो तो तास संपल्यावर. प्रणालीत धोक्याच्या शब्दांची यादी आहे आणि ती इंग्रजीत आहे. दहावीच्या विज्ञानात सजीवांच्या प्रजननावर आख्खा धडा आहे, बोर्डाचाच. मुलांनी तो अभ्यास म्हणून शोधला की माझ्याकडे इशारे यायला लागतात. एका मुलीचं नाव असं ‘आक्षेपार्ह शोध’ म्हणून वर गेलं. ती वर्गातली सगळ्यांत मन लावून शिकणारी मुलगी. मला तिच्या बाजूने लेखी खुलासा द्यावा लागला, आणि तोपर्यंत तिच्या वडिलांना फोन गेलेला होता. त्यानंतर ती मुलगी त्या धड्यावर एकही प्रश्न विचारेना. उलट मुलं हिंदी रोमन लिपीत लिहून एकमेकांना जी घाणेरडी शिवीगाळ करतात, ती यंत्राला कळतच नाही.

दुसरं म्हणजे रात्रीचे इशारे. रात्री साडेअकराला एखाद्या मुलाने ‘मरायचं आहे’ असं काही शोधलं आणि तो ईमेल मला आला, तर मी काय करायचं? त्या वेळी मी झोपलेली असते. मी समुपदेशक नाही, तसं प्रशिक्षण मला कुणी दिलेलं नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर ‘बाईंना ईमेल गेला होता’ एवढंच म्हटलं जाईल. ही जबाबदारी नेमकी कुणाची हे ठरवल्याशिवाय अशी यंत्रणा घेणं मला पटत नाही.

शिक्षिका, अन्नपूर्णा रोड

---

मला मात्र या देखरेखीचे आभार मानायचे आहेत.

माझी मुलगी सातवीत असताना शाळेच्या टॅबवर एका अनोळखी माणसाशी बोलत होती. वय तेरा सांगणारा, पण नक्की तेरा नसणारा. त्याने फोटो मागितला. शाळेच्या प्रणालीने ते पकडलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या समुपदेशक बाईंनी मला एकटीला बोलावलं. वर्गशिक्षकांना सांगितलं नाही, मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं केलं नाही. आधी माझ्याशी बोलल्या, मग तिच्याशी, मग दोघींना समोरासमोर बसवलं. बोलणं पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, हे त्यांनीच सांगितलं. सायबर तक्रारीचा १९३० आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन्ही क्रमांक कागदावर लिहून दिले.

त्या टॅबवर कुणाची नजर नसती तर पुढे काय झालं असतं याचा विचार मला करवत नाही. म्हणून कुणी ‘पाळत नको’ असं सरसकट म्हणालं की मी गप्प राहू शकत नाही. शिक्षिका ताईंचं म्हणणं खरं आहे, पण माझ्या मुलीच्या बाबतीत नजर होती आणि नजरेमागे माणूसही योग्य होता.

सुदामा नगर, एक आई

---

नमस्कार. मी बारावीत आहे. इथे सगळे पालक आहेत म्हणून आमच्या बाजूने थोडं.

कोचिंगच्या ऑनलाइन टेस्टला कॅमेरा चालू ठेवावा लागतो. आम्ही परदेशीपुऱ्यात दोन खोल्यांत पाच जण राहतो. टेस्ट चालू असताना मागून आजी देवघराकडे गेली की ‘दुसरी व्यक्ती दिसली’ असा शेरा पडतो. खाली बघून कच्चं गणित केलं की ‘नजर हटली’. माझ्या मित्राचा बंगला आहे, स्वतःची खोली आहे, त्याला एकही शेरा नाही. सरांना सांगितलं तर ते म्हणाले की सॉफ्टवेअर जे दाखवतं तेच आम्ही बघतो. आता मी टेस्टच्या दिवशी वाचनालयात जातो, पण तिथेही मागून लोक जातातच.

बारावीत ७५ टक्क्यांवर गुण मिळाले तर मध्य प्रदेश सरकार लॅपटॉपसाठी २५ हजार देतं, ते मिळाले तर स्वतःचा लॅपटॉप घेणार आहे. त्यावर शाळेचं किंवा कोचिंगचं काहीही टाकणार नाही.

विद्यार्थी

---

बाळा, हे सगळं कोचिंगला लेखी दे. तोंडी सांगितलेलं तिथल्या तिथे विरून जातं. पत्र लिहायला मी मदत करते.

राजेंद्र नगर

---

बसबद्दल लिहितो. २०१८ च्या जानेवारीत आपल्या बायपासवर शाळेच्या बसचा अपघात झाला, चार मुलं आणि चालक गेले. त्या दिवशी ज्यांची मुलं कुठल्याही शाळेच्या बसमध्ये होती, त्या सगळ्यांचे हातपाय गळाले होते. म्हणून बसमधलं जीपीएस आणि वेगावरचं नियंत्रण मला हवंच आहे. त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

पण शाळेने जे ॲप दिलं, त्यात मला माझ्या मुलीच्या बसचे सगळे थांबे दिसत होते, आणि प्रत्येक थांब्यावर उतरणाऱ्या मुलांची नावंसुद्धा. कुठली मुलगी कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता एकटी उतरते, हे त्या मार्गावरच्या कुणाच्याही फोनमध्ये. कुणाचा फोन हरवला, कुणी पासवर्ड ड्रायव्हरला दिला, तर? मी वाहतूक विभागाच्या सरांना हे प्रत्यक्ष पडद्यावर दाखवलं. ते स्वतः दचकले. आता प्रत्येकाला फक्त आपलाच थांबा दिसतो. रागावून न बोलता दाखवलं की काम होतं, असा माझा अनुभव.

कनाडिया रोड, तिसरीतल्या मुलीचे वडील

---

माझ्या नातवासाठी जेल रोडवरून घड्याळ घेतलं, सिम टाकायचं, मुलांचं. दुकानदाराने कौतुकाने दाखवलं की आपल्या फोनवरून हुकूम दिला की घड्याळ गुपचूप आजूबाजूचं बोलणं ऐकवतं, मुलाला कळतही नाही. सून म्हणाली, आई, हे वर्गात नेलं तर बाईंचं शिकवणं, दुसऱ्या मुलांच्या गप्पा, सगळं आपल्याला ऐकू येईल, ते बरं नव्हे. मला तिचं पटलं. मुलाने वाचून सांगितलं की जर्मनीने २०१७ मध्ये अशी चोरून ऐकणारी मुलांची घड्याळं विकायलाच बंदी केली, आणि शाळांना लक्ष ठेवायला सांगितलं. आम्ही घड्याळ बदलून साधं घेतलं. शाळा आपल्यावर नजर ठेवते म्हणताना आपणही शाळेवर कान ठेवू नये, असं मला वाटतं.

लोकमान्य नगर, आजी

---

कोचिंगचा टॅब हा वेगळाच प्रकार. एका कंपनीने हप्त्यावर कोर्स विकला, टॅब त्यातच. कोर्स संपला, हप्तेही फिटले, तरी टॅब फक्त त्यांचंच ॲप उघडतो. डॉलर मार्केटमध्ये तीन दुकानं फिरलो. रिसेट केला तरी सुरू होताच तो पुन्हा कंपनीकडे नोंद शोधतो आणि बंद पडतो. एक भैया म्हणाला, साहेब, हार्डवेअर चांगलं आहे, पण याचं कुलूप सर्व्हरवर आहे, माझ्या हातात नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. विकत घेण्याआधी ‘कोर्स संपल्यावर कुलूप काढून द्याल का’ हे पावतीवर लिहून घ्या. यापुढे मी तरी त्याशिवाय घेणार नाही.

विजय नगर

---

पुन्हा स्कीम ७८. कुणीतरी मला खासगीत विचारलं की टॅब चोरीला गेला तर शोधायला कॅमेऱ्याची परवानगी दिली तर काय बिघडतं. म्हणून हा किस्सा. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ लोअर मेरियन नावाचा शाळा-जिल्हा आहे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था. तिथे शाळेने मुलांना लॅपटॉप दिले होते आणि हरवलेला शोधण्यासाठी त्यात दुरून कॅमेरा चालवायची सोय होती. सुरू केली की ती ठरावीक मिनिटांनी आपोआप फोटो घेत राही. एका मुलाला उपमुख्याध्यापिकेने त्याच्या घरात तो ‘काहीतरी गैर’ करत असल्याबद्दल जाब विचारला, आणि पुरावा म्हणून त्याच्याच खोलीतला फोटो पुढे आला. त्याच्या हातात होत्या त्या लिमलेटच्या गोळ्या, असं घरच्यांचं म्हणणं. २०१० मध्ये खटला झाला. चौकशीत हजारो फोटो आणि स्क्रीनशॉट निघाले, काही मुलं झोपेत असतानाचे. त्याच वर्षी शाळा-जिल्ह्याने ६,१०,००० डॉलरवर तडजोड केली.

यात कुणी मुद्दाम वाईट हेतूने बसवलेलं यंत्र नव्हतं. सोय चोरीसाठी होती, ती बंद करायचं कुणी पाहिलं नाही. त्यामुळे ‘कोण चालू करतो’ इतकंच ‘कोण बंद करतो’ हेही विचारायला हवं.

स्कीम ७८

---

जिल्हा न्यायालयात वकिली करतो. कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो, पालकांची पडताळता येणारी संमती मागतो, आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागणुकीवर पाळत ठेवणं, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यांना मनाई करतो.

पण नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत शाळांना यातून सूट आहे. ती शैक्षणिक कामापुरती आणि तिथे शिकणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेपुरती आहे. बसवाल्यांनाही ये-जा करताना ठिकाण पाहण्यापुरती सूट आहे. संमतीची ही कलमं नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तेव्हा पत्रात ‘तुम्ही कायदा मोडता’ असं लिहू नका, ते टिकणार नाही. ‘सूट ज्या कामापुरती आहे, त्या कामापुरतीच देखरेख आहे ना, ते लिहून द्या’ असं विचारा. रविवारी दुपारी घरच्या खोलीतला कॅमेरा हे शैक्षणिक काम कसं, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

रामबाग

---

पत्रात माझ्याकडून एक मुद्दा घाला. रात्रीचा इशारा कुणाकडे जाईल, त्या माणसाचं पद लिहा, आणि तो वर्गशिक्षक नसावा.

शिक्षिका, अन्नपूर्णा रोड

---

आणि मुलींच्या बाबतीतला इशारा आधी समुपदेशक बाईंकडेच जावा, तोही बंद दाराआड. हे शाळेकडून लिहून मिळणार असेल तर माझी सही धरा.

सुदामा नगर

---

दोन्ही घातले. वकील काकांची ओळ जशीच्या तशी घेतली आहे. बसच्या थांब्यांचा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात आहे, आणि वर्ष संपल्यावर डेटा कधी पुसणार हेही विचारलं आहे. मराठी मसुदा तयार आहे, पण सभेत निम्म्याहून अधिक पालक हिंदी बोलणारे असतात. शनिवारपर्यंत कुणी चांगलं हिंदी करून देईल का?

राजेंद्र नगर