क्रुगरला जायचं तर स्वतः गाडी चालवत जावं: पटतंय का?

धागाकर्ती
ऑगस्टमध्ये आम्ही चौघं दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात पाच रात्री राहून आलो. जोहान्सबर्गला गाडी भाड्याने घेतली आणि पाचही दिवस मीच चालवली. आल्यापासून ओळखीतले चार जण विचारून गेले, आणि चौघांच्याही गळ्यात टूरवाल्याने महागडं खासगी लॉजच मारलंय. म्हणून लिहायला बसले.

ताडोबात आपण जिप्सीत बसतो, गाइड नेईल तिथे जातो आणि वेळ संपली की बाहेर. क्रुगर जवळपास २०,००० चौरस किलोमीटर पसरलंय. तिथे साधी कार घेऊन सकाळी ६ ला कॅम्पचं फाटक उघडल्यापासून संध्याकाळी ६ पर्यंत आपल्या मनाने फिरता येतं. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ५०, कच्च्यावर ४०. आम्ही वीसनेच जायचो. लोअर साबी कॅम्पजवळच्या सनसेट डॅमवर इंजिन बंद करून दोन तास बसलो. सुरुवातीला पाण्याबाहेर नुसते पाणघोड्यांचे कान. मग एकाची पाठ वर आली, आणि तिच्यावर पाच-सहा कासवं ओळीने ऊन खात बसलेली! इतका वेळ कोण गाइड थांबू देतो?

पायमाग
अजिबात पटलं नाही. गाइड थांबतो की नाही यापेक्षा त्याला काय दिसतं ते महत्त्वाचं. आम्ही क्रुगरला लागून असलेल्या साबी सँड या खासगी राखीव जंगलात तीन रात्री होतो. मधलं कुंपण १९९३ मध्ये काढलंय, म्हणजे प्राणी तेच. बॉनेटवरच्या खुर्चीत बसलेल्या वाटाड्याने हात वर करून गाडी थांबवली. वाळूत आमच्याच पहाटेच्या फेरीच्या चाकाची खूण होती आणि त्या खुणेवर बिबट्याचा पंजा. म्हणजे तो आमच्यानंतर गेलेला. गाडी रस्ता सोडून झाडीत घातली. अर्ध्या तासाने मारुलाच्या झाडावर मादी दिसली, फांदीत इंपाला हरीण अडकवून ठेवलेलं. तुमच्या कारमधून तुम्ही त्या पंजावरूनच गाडी नेली असती. रागावू नका, मीही नेली असती.

डोंबिवलीकर
मी पायमाग यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. क्रुगरमधल्या स्कुकुझा कॅम्प ते लोअर साबी रस्त्यावर सिंह दिसला की मोबाइलवर निरोप फिरतात आणि बघता बघता तीस गाड्या जमतात. एक जण कमरेपर्यंत खिडकीबाहेर होता. गाडीतून उतरायला बंदी आहे, मग हे काय?

दुसऱ्या दिवशी रस्त्यात एकटा नर हत्ती. कानशिलातून मद ओघळून गाल काळे पडलेले, मागचे पाय ओले. हा मदावर आलेला हत्ती आहे हे कळायला हवं. पुढची गाडी फोटोसाठी आणखी जवळ गेली. तो कान पसरून निघाला आणि आम्ही सगळे जवळपास २०० मीटर रिव्हर्समध्ये. मागे माझी दोन लहान मुलं. जाणता माणूस सोबत असता तर लांबूनच थांबवलं असतं.

धागाकर्ती
@डोंबिवलीकर, हत्तीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ही लक्षणं माहीत नसतील तर गाडी हातात घेऊच नये. यासाठी एक करा: उद्यानाच्या कॅम्पमधूनच पहाटेच्या फेऱ्या आणि बंदूकधारी गाइडसोबत पायी फेऱ्या निघतात. पहिल्याच दिवशी एक घ्या, पोटभर प्रश्न विचारा, मग स्वतः निघा. आणि सिंहाभोवती गर्दी दिसली की सरळ कच्च्या रस्त्याला वळा. आम्हाला रानकुत्र्यांचा कळप तशाच रस्त्यावर भेटला. आमच्याशिवाय एकही गाडी नव्हती.

@पायमाग, तुमचा बिबट्या मी नाकारत नाही. पण त्या तीन रात्रींच्या पैशांत आमचे चौघांचे पाच दिवस निघाले असते.

पायमाग
एका फेरीत कोणी माग काढायला शिकत नाही. आणि पैशांचं म्हणाल, तर बोत्सवानाने ओकावांगो नदीच्या पाणथळ त्रिभुज प्रदेशात मुद्दाम तेच धोरण ठेवलंय: पर्यटक थोडे, दर चढे. जंगलावरचा भार कमी राहतो.

धागाकर्ती
आणि मग जंगल फक्त श्रीमंतांचं उरतं. क्रुगरमध्ये १९२७ साली पहिले पर्यटक आले ते मोटारींनीच. आज संध्याकाळी कोणत्याही कॅम्पात बघा, तिथलीच साधी कुटुंबं तंबू टाकून मांस भाजत असतात, पोरं कुंपणाशी टॉर्च घेऊन तरस शोधत असतात. ती पोरं उद्या हे जंगल राखतील. चढ्या दरांनी त्यांनाच बाहेर ठेवायचं, हे मला कधीच पटणार नाही.

सातारची सून
दोघांनीही माझ्या सासूबाईंचा विचार केला नाही. वय ७४, गुडघे गेलेले. उघड्या गाडीत हादरे सोसत नाहीत, कारमध्येही दिवसभर बसवत नाही. आम्ही त्यांना नामिबियातल्या एटोशाला नेलं. ओकाउकुएयो कॅम्पचा पाणवठा कुंपणालगतच आहे आणि रात्रभर त्यावर दिवे असतात. त्या बाकावर शाल घेऊन बसल्या. साडेदहाला काळा गेंडा पिल्लाला घेऊन आला आणि पाणी पिण्याचा आवाज आमच्यापर्यंत पोचला. त्या उठायलाच तयार नव्हत्या.

धागाकर्ती
@सातारची सून, हे वाचून आईला नेता येईल असं पहिल्यांदा वाटलं. ऑगस्टमध्ये तिथे रात्री थंडी किती असते? आणि खोलीपासून बाकापर्यंत पायऱ्या आहेत का?