मदत हवी आहे: व्हेनिससाठी तंबू फुजिनाला टाकावा की पुन्ता साब्बिओनीला?

नमस्कार मंडळी. मे महिन्यात शनिवार-रविवार धरून आम्ही नवरा-बायको म्युनिकहून रेल्वेने व्हेनिसला जातोय. गाडी नाही, तंबू स्वतःचा, सामान पाठीवर. मेस्त्रेचे (व्हेनिसचा मुख्य भूमीवरचा भाग) कॅम्पिंग नको, हमरस्त्याच्या आवाजात हिला झोप लागत नाही. हॉटेल बजेटबाहेर आहे.

फुजिना म्हणजे खाडीच्या काठावरची, मुख्य भूमीवरची जागा; ती व्हेनिस नगरपालिकेच्या हद्दीत येते. त्यामुळे तिथे मुक्काम असला की दिवसभराच्या पाहुण्यांवरचा प्रवेशकर माफ, फक्त ऑनलाइन नोंदणी करायची. तिथून बोट थेट व्हेनिसच्या झात्तेरे धक्क्याला जाते, पण ती खाजगी. शहराच्या वाहतूक पासवर चालत नाही. खाडीपलीकडचं पुन्ता साब्बिओनी वेगळ्या नगरपालिकेत, म्हणजे शहराने कर ठरवलेल्या दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चारमध्ये शहरात शिरलं की कर लागणार. पण १४ नंबरची बोट पासवर चालते आणि समुद्रकिनारा जवळ. माझा कल फुजिनाकडे आहे.

वेळापत्रकं पाहिली, दोन्हीकडे ईमेलही केली; उत्तरं मोघम आली. आम्हाला संध्याकाळचं व्हेनिस, गर्दी ओसरल्यावरचं, मनसोक्त बघायचंय. तिथे तंबूत राहिलेल्या कुणी सांगाल का: रात्री अकराच्या सुमारास शहरातून निघालो तर फुजिनाला बसने, टॅक्सीशिवाय, खरंच पोचता येतं का?