चर्चा: सोलापुरात एम.टेक. करणं म्हणजे खरंच दोन वर्षं मातीत?

सातरस्ता

परवा आपल्या या गटावर एका दादांनी लिहिलं होतं: "कॉम्प्युटरला बी.ई. झालं की सरळ पुणं गाठा. नोकरी न लागलेली पोरं एम.टेक.ला बसतात. मास्टर्स करायचंच तर आयआयटी नाहीतर परदेश. सोलापुरात करणं म्हणजे दोन वर्षं मातीत." त्याखाली धडाधड अंगठे पडले. मला रात्रभर चैन पडली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सोलापुरातच एम.टेक. केलं. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग लावून, दुरुस्त करून देणारे. बी.ई.ला मला पहिला वर्ग होता आणि येत काहीच नव्हतं. चार वर्षं मागच्या प्रश्नपत्रिका घोकल्या होत्या, बस. कॅम्पसला आलेल्या माणसानं विचारलं, "दोन सर्व्हरवर दोन नोंदी झाल्या, आधीची कुठली हे कसं ठरवशील?" मी म्हणाले, जिची वेळ आधीची ती. मुलाखत तिथंच संपली.

एम.टेक.च्या दुसऱ्या सत्रात सरांनी लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाचा १९७८चा शोधनिबंध हातात ठेवला आणि म्हणाले, पंधरा दिवसांनी हा तू वर्गाला शिकवायचास. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत, तेव्हा घड्याळाच्या भरवशावर क्रम ठरवायचाच नाही. निरोप पाठवल्याशिवाय तो मिळत नाही, एवढं एकच पक्कं धरायचं. प्रत्येक यंत्रानं आपला एक आकडा ठेवायचा, दर घटनेला वाढवायचा, निरोपासोबत पाठवायचा, आणि आलेला आकडा मोठा असेल तर आपला त्याच्या पुढे न्यायचा. वाचायला सोपं आहे. मला समजायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी तो मुलाखतीतला प्रश्न आठवला आणि वाचनालयात बसल्या जागी रडू आलं. चार वर्षांत कुणी मला एक गोष्ट शेवटपर्यंत समजू दिली नव्हती.

पुढे नोकरीत पहिल्याच वर्षी नोंदी उलटसुलट यायला लागल्या. सगळे सर्व्हरची घड्याळं जुळवत बसले होते. मी आकडा ठेवायला सांगितला. ज्यांनी बी.ई.वर थेट नोकरी धरली होती तेही हुशारच होते, पण त्यांना तो निबंध वाचायला पंधरा दिवस कुणी दिले नव्हते.

आणि "घरच्यांच्या पैशावर बसतात" हेही कुणीतरी लिहिलंय. मी गेट ही प्रवेश परीक्षा देऊन गेले होते. एआयसीटीईचे, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचे, महिना १२,४०० रुपये मिळायचे, दोन वर्षं. त्यात माझा खर्च भागवून मी घरी पैसे दिलेत.

होटगीरोड

ते दादा म्हणजे मीच. ताई, तुमचं खरं असेल, पण तुम्ही अपवाद सांगताय. मी अकरा वर्षं हिंजवडीत आहे, पोरांच्या मुलाखती घेतो. एम.टेक. झालेला आणि बी.ई. झालेला समोर बसला तर आमच्याकडं पगार तोच. उलट बी.ई.वाल्याकडं तोवर दोन वर्षांचा अनुभव असतो. मग ती दोन वर्षं कुठं गेली?

गेटचंही बोलू. गेटवाल्यांच्या जागा भरल्या की उरलेल्या जागांवर बिनगेटची पोरं येतात. त्यांना १२,४०० मिळत नाहीत. आमच्या गल्लीतल्या पोरानं असंच केलं. बाप विडी कारखान्यात कारकून. पोराचा प्रबंध पुण्यात एका दुकानातून तयार आणला, कोडसकट. मी विचारलं, यात काय केलंयस? त्याला शीर्षक धड वाचता येईना. हे तुमच्या निबंधाच्या बारा दिवसांशेजारी ठेवा आणि सांगा, वर्गात तुमच्यासारखे किती होते?

सातरस्ता

तिघं. खोटं बोलणार नाही. पण प्रबंध विकत आणणाऱ्यामुळं पदवी वाईट ठरत असेल तर बी.ई.चे प्रोजेक्ट कुठून येतात ते तुम्हाला माहीतच आहे. तीच दुकानं, तोच माणूस.

तासिकावाला

इथं कुणी आमच्याबद्दल बोलणार आहे का? एम.टेक. हौसेनं नाही केलं. एआयसीटीईच्या २०१९च्या नियमांप्रमाणं सहायक प्राध्यापक व्हायला बी.ई. आणि एम.ई. किंवा एम.टेक. दोन्ही लागतात, एकात तरी पहिला वर्ग. म्हणून केलं. आणि त्याच्या आदल्याच वर्षी पंधरा विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक हे प्रमाण वीसवर एक असं झालं होतं. कागदावर पाचाचाच फरक आहे, पण ३०० पोरांच्या विभागात वीस शिक्षक लागायचे तिथं पंधरा पुरतात. ते वरचे पाच म्हणजे आम्ही. आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. दिवाळीचे पैसे संक्रांतीला, गड्डा यात्रेच्या वेळी हातात येतात. कॉलेजचं नाव लिहीत नाही, उद्या तिथंच उभं राहायचंय.

ताई, तुम्हाला पंधरा दिवस देणारे ते सर पर्मनंट होते का? मला एका सत्रात चार विषय आहेत. मी कुणाला पंधरा दिवस देऊ?

होटगीरोड

सर, तुमचं दुःख मोठं आहे, पण त्याचा इथं काय संबंध? प्रश्न विद्यार्थ्यानं करावं की नाही हा आहे.

तासिकावाला

संबंध नाही? जो शिकवणार त्याचंच पोट भरत नाही आणि तुम्ही विचारता पदवीत दम का नाही! तुमच्या कंपनीत आठ वर्षं तासावर काम करून दाखवा, मग संबंध विचारा. हिंजवडीत बसून सोलापूरला नावं ठेवायला काय जातंय?

होटगीरोड

मी सोलापूरला नावं ठेवलेली नाहीत. माझे आईवडील तिथंच आहेत. दर पंधरवड्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो. आवाज चढवू नका.

पालक

भांडण थांबवा, माझा खरा प्रश्न आहे. मुलगी म्हणते अमेरिकेला एमएस करते. बँकेच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, त्यापुढं घर लिहून द्यावं लागतं. आमचं घर जुळे सोलापुरात, एकच आहे. बायको म्हणते देऊ. मला झोप नाही. एम.टेक. इथं करून नंतर बघू म्हटलं तर मुलगी बोलत नाही.

कार्ल्सरूह

काका, घर लिहून देण्याआधी जर्मनी बघा. मी सोलापूरचाच, मराठी माध्यमाचा. इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचं शुल्क नाही. मी ज्या राज्यात आहे, बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये, तिथं मात्र युरोपबाहेरच्यांना २०१७पासून सत्राला १,५०० युरो पडतात, म्हणून राज्य बघून अर्ज करायचा. एका वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. पण ती फी नाही, दरमहा तुमच्याच मुलीला परत मिळते.

अमेरिकेत शिकून झाल्यावर एक वर्ष आणि आपल्या शाखांना वर दोन, अशी तीन वर्षं काम करता येतं. पुढचं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीवर. सप्टेंबर २०२५मध्ये त्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलंय. तिथंच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही असं नंतर स्पष्ट केलं, पण घर गहाण ठेवून अशा स्पष्टीकरणांची वाट बघत बसायचं का, हे तुम्ही ठरवा. आणि मुलीशी बोला. माझे वडील माझ्याशी सहा महिने बोलले नव्हते. ते मला कर्जापेक्षा जड गेलं.

सातरस्ता

काका, मुलीनं कुठला विषय घ्यायचा ठरवलंय हे तिला विचारा. देश नंतर. मी जिला जिला विचारलं तिच्याकडं देशाचं नाव तयार होतं, विषयाचं नव्हतं.

माझा विषय घरातूनच आला. टॉवेल विणताना कॅमेऱ्यानं दोष पकडायचे. वडील रोज रात्री सांगायचे, आज अमुक इतका माल सेकंडमध्ये, म्हणजे दोषी मालात गेला.

टॉवेलवाला

इतका वेळ गप्प वाचत होतो. आता बोलतो. कॅमेरा कशाला पाहिजे? ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की पिन पडते, माग थांबतो. बाणा, म्हणजे आडवा धागा तुटला की फोर्क थांबवतो. हे आमच्या वडिलांच्या काळापासून आहे. एम.टेक.वाले येतात, फोटो काढतात, सही-शिक्का घेतात, जातात. परत तोंड दाखवत नाहीत. गेल्या दहा वर्षांत माझ्या शेडमध्ये अशी सहा पोरं येऊन गेली. एकाचाही मला दमडीचा उपयोग झाला नाही.

सातरस्ता

मालक, पिन तुटलेला धागा पकडते. टॉवेलच्या अंगावरचा वर-खाली झालेला लूप, म्हणजे धाग्याचं वेटोळं, पकडते का? टॉवेलला ताण्याचे दोन बीम असतात, एक घट्ट, एक सैल. दोन बाणे फणी अर्धवट ठोकते, तिसऱ्याला पूर्ण ठोकते, तेव्हा सैल धाग्याचा लूप उभा राहतो. सैल बीमचा ताण जरा हलला की लूप बसतो. धागा तुटलेला नसतो, पिन पडत नाही, माग चालू राहतो. दोष कळतो तो कापड मागावरून उतरून तपासणीच्या टेबलावर आल्यावर. तोपर्यंत किती डझन गेलेले असतात ते तुम्हीच सांगा.

टॉवेलवाला

ते बरोबर आहे. लूपला पिन चालत नाही. पण कामगार चार-चार माग सांभाळतो, त्याची नजर असते. आणि शेडमध्ये तूस, कापसाचे बारीक तंतू, किती उडतंय बघितलंय का? तासाभरात तुझ्या कॅमेऱ्यावर गोधडी होईल.

सातरस्ता

बघितलंय. लहानपणापासून वडिलांच्या शर्टावर बघितलंय. म्हणून तर काचेवर हवेचा झोत द्यायचा होता. कॅमेरा मागावर बसवायचाच नाही, माग थरथरतो. वर छपराच्या कैचीला टांगायचा. उजेड समोरून नाही, बाजूनं तिरपा टाकायचा, म्हणजे उभ्या लूपची सावली पडते आणि बसलेल्याची पडत नाही. मग सावली मोजायची, एवढंच. याला फार भारी यंत्र लागत नाही.

पण हे मी करून बघितलेलं नाही. मला कुणी चालू माग दिला नाही. चार शेड फिरले. एका ठिकाणी म्हणाले, पोरीला रात्रपाळीत उभं राहू देणार नाही. शेवटी टेबलावरच्या कापडाचे फोटो काढून प्रबंध पूर्ण केला. पास झाले. वडिलांनी विचारलं, मग आता सेकंड कमी होणार का? मी म्हणाले, नाही. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

टॉवेलवाला

पोरीला उभं करत नाही हे माझ्याकडं नाही चालत. बाण्याच्या कांड्या भरायला बायकाच आहेत माझ्याकडं, शेडमध्ये रोज असतात.

होटगीरोड

मूळ मुद्दा बाजूला राहिला, तरी विचारतो. हे करायला एम.टेक. लागतं? तिरपा उजेड टाकून सावली मोजणं बी.ई.चं पोरगंही करेल.

तासिकावाला

करेल, त्याला दोन सत्रं मोकळी दिली तर. बी.ई.ला प्रोजेक्ट पाच विषयांच्या मध्ये कोंबलेला असतो. एम.टेक.ची तिसरी-चौथी सत्रं बहुतांशी प्रबंधासाठी मोकळी असतात. त्या वेळेसाठीच ही पदवी आहे, पगारासाठी नाही. मी स्वतः शिकवतो म्हणून सांगतो, ती वेळ आम्ही वाया घालवतो. पण ती असते.

होटगीरोड

हे मान्य. वेळ असते. "नोकरी न लागलेली पोरं" हे वाक्य मी काढून टाकतो. पण बिनगेटचं, कर्ज काढून, विषय न ठरवता करू नका, हे तसंच ठेवणार. त्या विडी कारखान्यातल्या कारकुनाला मी रोज बघतो.

सातरस्ता

त्यावर माझं भांडण नाही. पहिल्यांदाच एवढं लिहिलं असतं तर मी रात्रभर जागले नसते.

टॉवेलवाला

एक जुना माग आहे, कोपऱ्यातला, त्यावर ऑर्डरचा माल लावत नाही. दोन महिने देतो. कॅमेरा, दिवा तुझा. तूस पडलं म्हणून माग बंद करणार नाही. आणि सहा पोरांसारखं सही घेऊन पळालीस तर परत कुणालाच शेडमध्ये घेणार नाही.

सातरस्ता

मालक, सही नकोच, माझी पदवी कधीच झाली. मिनिटाला किती फेरे आहेत त्या मागाचे? आणि वरची कैची जमिनीपासून किती उंच? वडिलांना घेऊन रविवारी येऊ का?

टॉवेलवाला

फेरे १४०च्या आसपास. कैची मोजली नाही, टेप घेऊन ये. कोण तुझे वडील? जॉबर म्हणालीस ना, कुणाच्या शेडला असतात?